निम्म्या चिठ्ठ्यांवर शाब्बास

पहाटे ५.४०

कराडातली भाड्याची दोन खोल्यांची जागा. गॅसवर चहा उकळतोय. शेजारी ओट्यावर स्टीलचा मोठा डबा उघडा. डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. मॅडम त्या मोजतायत.

चिठ्ठ्या २५० असायलाच हव्यात. १२५ वर नुसतं ‘शाब्बास’. १०४ वर छोटं बक्षीस : अंगाचा साबण, पावशेर शेंगदाणे, गुळाचा खडा. वीस चिठ्ठ्यांवर मोठं : परात, बाळाची दुपटी. एका चिठ्ठीवर कुकर.

हे प्रमाण मॅडमच्या मनचं नाही. कनेक्टिकट विद्यापीठातल्या नॅन्सी पेट्री यांनी कोकेनच्या, दारूच्या रुग्णांसाठी ही सोडत बसवली. त्यांच्याकडे ५०० चिठ्ठ्या असत. २५० वर शाब्बास, २०९ वर डॉलरभराची वस्तू, ४० वर वीस डॉलरची, एकीवर शंभराची. तपासणीत नशा सापडली नाही की हात घालायचा. मॅडमनी आकडे निम्मे केले आणि डॉलरच्या जागी किराणा घातला.

त्या डॉक्टर नाहीत. मानसशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर. पीएच.डी.चा विषय गरोदर बायांची मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटानं हिरड्यांना लावायची. ती सोडवायला बक्षीस किती उपयोगी पडतं, हे त्यांना बघायचंय. विद्यापीठाच्या फॉर्मवर शास्त्राचं नाव वर्तनात्मक औषधशास्त्र असं लिहिलंय. घरी विचारलं तर त्या ‘मानसशास्त्र’ एवढंच सांगतात.

सकाळी ६.५५

कराड स्टँड. पाटणकडची गाडी. महिलांना अर्धं तिकीट, म्हणून मॅडमचा रोजचा खर्च निम्म्यावर आला. पाठीवर सॅक : लघवीच्या डब्या, हातमोजे, तपासणीच्या पट्ट्या, संमतीचे फॉर्म, शाईचं पॅड. हातात दोन पिशव्या. एकीत चिठ्ठ्यांचा डबा, दुसरीत बक्षिसं. कुकर केंद्रातच ठेवलेला असतो, बायांना दिसेल असा. बक्षीस डोळ्यांपुढं हवं, हाही शास्त्राचाच भाग.

पट्ट्या मुंबईहून कुरिअरनं येतात. एक शंभराच्या आसपास पडते. साबण दहाचा. शेंगदाणे पावशेर, भाव हलत असतो. कॉलेजचं बिल सत्र संपल्यावर एकदम निघतं, तोवर हे सगळं मॅडमच्या पाकिटातून. शिवाय आज शुक्रवार, आजचे दोन तास बुडाले. तासिका तत्त्वात बुडालेल्या तासाला पैसे नाहीत.

गाडीत त्या झेरॉक्स वाचतात. व्हरमाँट विद्यापीठाची. तिथं स्टीफन हिगिन्स आणि सेरा हाइल यांनी सिगरेट ओढणाऱ्या गरोदर बायांना व्हाउचर दिली. पहिल्या स्वच्छ तपासणीला सव्वासहा डॉलर, पुढच्या प्रत्येकीला सव्वा डॉलर जास्त, पंचेचाळीसपर्यंत. एकदा चुकलं की परत सव्वासहावर. २००८ च्या त्यांच्या निबंधात बाळंतपणाच्या सुमारास सिगरेट सुटलेल्या बाया ४१ टक्के होत्या. ज्यांना तेवढ्याच किमतीची व्हाउचर काही अट न घालता दिली, त्यांच्यात १० टक्के.

“पैसे दोघींनाही दिलेत,” मॅडम बोट ठेवून दाखवतात. “फरक अटीचा आहे.”

सकाळी ८.२०

प्राथमिक आरोग्य केंद्र. शिपाई झाडून घेतोय. आज नऊ तारीख. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरकडून तपासणी असते, २०१६ पासून. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या. आशाताई बायांना गोळा करून आणतात. मॅडम एरवी मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. आज दोन्ही जमून आलं.

त्यांना खोली नाही. लसीच्या फ्रिजशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या. टेबल पुसायचं, वर्तमानपत्र अंथरायचं, पट्ट्या मांडायच्या. शिपायाला चहाचे दहा रुपये. संडासाची कडी तुटलीय, म्हणून एक आशाताई दाराशी उभी राहते. या कामाचे तिला कुठूनच पैसे मिळत नाहीत. मॅडम तिला साबण देतात, चिठ्ठी न काढता.

सकाळी ९.१५

बाकं भरली. मी कोपऱ्यात बसले. पहिलटकरणी नवऱ्याबरोबर, बाकीच्या सासूबरोबर. हातात माता-बालसंगोपन कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

नवीन नाव घ्यायचं तर मॅडम सरळ विचारत नाहीत. “सकाळी दात कशानं घासता?”

“मशेरीनं.”

“आणि दुपारी?”

“दुपारी बी दातच घासते.”

“रात्री?”

बाई हसते. सासू म्हणते, “तवाच पोट साफ हुतंय न्हवं.”

त्यात खोटं काही नाही. निकोटिन आतड्यांना हलवतंच, आणि गरोदरपणात पोट जड असतं. तलफेचंही तसंच. गरोदर शरीर निकोटिनचा निचरा जास्त वेगानं करतं. निकोटिन मोडून कोटिनीन तयार होतं. ते एरवी सोळा-सतरा तासांत निम्मं होतं, गरोदरपणात नऊच तासांत. म्हणजे लावलेली मशेरी लवकर उतरते आणि बोट पुन्हा डबीकडे जातं. लोक म्हणतात, पोटात लेकरू असून हिला आवरत नाही. आवरणं याच दिवसांत जास्त अवघड असतं.

संमतीचा फॉर्म चार पानी. मॅडम सगळा वाचून दाखवतात. सही, नाहीतर अंगठा आणि साक्षीदार. एकीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नैतिकता समितीनं हा फॉर्म दोनदा परत पाठवला होता. गरीब बाईला बक्षीस म्हणजे आमिष नव्हे का, हा आक्षेप. सिस्टरांना मॅडमनी हे सांगितलं तेव्हा त्या रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, “मग जननी सुरक्षा योजनेचे सातशे काय असतात?”

सकाळी १०.३०

जुन्या बायांची तपासणी. डबी हातात आली की मॅडम आधी ती तळहातावर धरतात. कोमट लागली पाहिजे. मागं एकीनं जावेची आणली होती, गार.

सिगरेट असती तर तोंडानं फुंकायचं यंत्र चाललं असतं. व्हरमाँटमध्ये पहिले काही दिवस त्यावरच भागतं, कार्बन मोनॉक्साइड मोजून. मशेरीला ते निरुपयोगी. धूरच नाही तर मोजणार काय? म्हणून लघवी, आणि लघवीतलं कोटिनीन.

थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. इथं एक घोटाळा दर वेळी होतो. पट्टी दिसते गरोदरपणाच्या पट्टीसारखीच. पण त्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली की ‘आहे’. इथं दुसरी रेघ उमटली की ‘नाही’. कोटिनीन जास्त असेल तर ते रेघ उमटूच देत नाही. दोन रेघा बघून एक पोरगी रडवेली होते. मॅडम तिला म्हणतात, “अगं, सुटली तुझी. चार वेळा हात घाल.”

चार का? पहिल्या स्वच्छ तपासणीला एक चिठ्ठी, लागोपाठ दुसरीला दोन, मग तीन. हिची चौथी. मध्ये एकदा जरी रेघ गेली असती तर पुन्हा एकीवर.

पोरगी डबा ढवळते. शाब्बास. शाब्बास. साबण. शेवटची चिठ्ठी उघडायला ती सासूकडे देते. परात! बाकावरच्या सगळ्या जणी मान उंच करून बघतात. परात लगेच तिच्या हातात. आत्ता, या मिनिटाला. उशीर झाला की बक्षिसाची ताकद जाते. उंदरांवर, कबुतरांवर हे कधीच सिद्ध झालंय. १९५० च्या दशकात हार्वर्डात पीटर ड्यूज यांनी स्किनरच्या पेटीतल्या कबुतरांना औषध टोचून पाहिलं. तीच मात्रा, तरी दाणा कोणत्या हिशेबानं मिळतो त्यानुसार परिणाम वेगळा. मॅडमच्या शास्त्राचा एक पाया तिथं घातला गेला.

पुढच्या बाईची एकच रेघ.

“मी न्हाय लावली. आईशप्पत.”

मॅडम वाद घालत नाहीत. रागावतही नाहीत. “आज चिठ्ठी नाही. मंगळवारी पुन्हा एकीपासून.” वहीत नोंद. बाई उठत नाही. मग हळूच सांगते : सासू रोज सकाळी तवा ठेवते. वास आला की राहवत नाही.

मॅडम हे शब्द तिच्याच भाषेत लिहून घेतात. प्रबंधाला पट्ट्यांचे आकडे लागतात. हे कुठं बसवायचं ते अजून ठरलेलं नाही. मला विचाराल तर पट्ट्यांपेक्षा या वहीचाच प्रबंध व्हावा.

दुपारी १.१०

डबा. चपाती, मेथी, मिरचीचा ठेचा. सिस्टर आपली भाजी वाटीत घालतात. बोलणं बाळांच्या वजनावर येतं. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर बायांचा माग ठेवला होता. निबंध २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांतल्या १७ टक्के बाया धूर नसलेली तंबाखू वापरत, बहुतेक मशेरीच. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली आणि सहा दिवस आधी आली.

“शंभर ग्रॅम म्हंजी काय लई न्हाय,” आशाताई म्हणतात.

“अडीच किलोच्या बाळाला नसेल. दोन किलोच्या बाळाला विचारा,” सिस्टर म्हणतात आणि वाट्या विसळायला उठतात.

दुपारी २.३०

आशाताईंच्या स्कूटीवर मॅडम पुढं, मी शिपायाच्या मोटारसायकलवर मागं. पेट्रोलला मॅडमनी शंभर दिले. ऊसतोडीच्या टोळीचा तळ ओढ्याकाठी आहे. पाचटाच्या कोप्या, बैलगाड्यांच्या धावा, एक हातपंप. बीडकडची माणसं, दिवाळीनंतर आलेली. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती टनाटनानं फेडायची.

तळावर जायचं कारण एक बाई. पाचवा महिना. मंगळवारी केंद्रावर आली नाही, आजही नाही. त्याआधीच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ होत्या. मंगळवारी आली असती तर ती तिसरी.

कोपीत म्हातारी सासू आणि दोन लहान पोरं. बाई फडात.

“कुठल्या फडात?”

“परवा तोड हालली. लांब गेलीत. रातच्याला येत्यात.”

म्हातारीच्या हातात मशेरीची डबी. तिनं ती मॅडमपुढं केली, पाव्हण्याला पान करावं तशी. मॅडमनी हात जोडले. “ती लावते का आता?”

“न्हाई बा. साबण मिळतो म्हणून न्हाई लावत. मोळी उचलताना डोकं उठतंय म्हणती, पर न्हाई लावत.”

मॅडमनी लघवीची रिकामी डबी सॅकमध्ये परत ठेवली आणि मुकादमाचा नंबर घेतला. डबी ठेवून येता येत नाही. लघवी समोर दिलेली हवी, नाहीतर नोंद धरत नाहीत. खाडा झाला तर दंड पडतो, वर मुकादम बोलतो तो वेगळा. दहाच्या साबणासाठी तिनं तो दंड सोसावा असं कुणी म्हणणार नाही. मॅडमही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी ५.४५

परतीची गाडी गच्च. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं अडकत जाते. मॅडम उभ्यानं हिशेब लिहितात. पट्ट्या, पेट्रोल, चहा, तिकीट. साबण संपत आले, डझन घ्यायचे. परातीची चिठ्ठी परत डब्यात गेली, म्हणून परातही परत आली पाहिजे. चिठ्ठीवर वस्तू आहे आणि पिशवीत नाही असं एकदा झालं की बायांचा विश्वास उडतो. उतरल्यावर त्या भांड्याच्या दुकानात जातात. दुकानदार २८० सांगतो. २५० वर तुटतं. पावती मात्र पक्की घेतात.

रात्री ९.३०

लॅपटॉप. प्रत्येक बाईला नाव नाही, क्रमांक. स्वच्छ तपासणीला शून्य, नाहीतर एक. टोळीतल्या बाईच्या रकान्यात काही भरलेलं नाही. त्यावरून मार्गदर्शक सरांचा फोन.

“गैरहजर म्हणजे एक. जगभर तसंच धरतात.”

“सर, ती लावत नाहीये.”

“कुणी सांगितलं?”

“सासूनं.”

“सासूची पट्टी असते का?”

सरांचं चुकत नाही. न आलेल्यांना स्वच्छ धरलं तर सगळेच सुटलेले दिसतील. हिगिन्स यांच्याकडेही न आलेली बाई पुन्हा सव्वासहा डॉलरवर जाते. फक्त तिथं लागोपाठ दोन स्वच्छ तपासण्या दिल्या की जुनी रक्कम परत मिळते. मॅडम तो परिच्छेद शोधून काढतात आणि सरांना वाचून दाखवतात. हा नियम इथंही घालू या का? सर म्हणतात, मधेच नियम बदलायचा तर समितीकडे पुन्हा अर्ज. मॅडम अर्जाची फाइल उघडतात. मग रकान्यात १ भरतात आणि शेजारी नवा रकाना आखतात : कारण. त्यात ‘तोड हलली’.

रात्री १०.०५

मुकादमाला फोन. तिसऱ्या वेळी उचलतो.

“मंगळवारी तोड कुठं असेल?”

“सोमवारी रातच्याला चिठ्ठी आली की कळतंय बगा. कारखान्याच्या हातात असतंय.”

“मी सकाळी लवकर आले तर? फडात जायच्या आधी?”

“आमी चारला उठतो.”

पाटणकडे चारला पोचवणारी एसटी नाही. मॅडम आशाताईंना मेसेज टाकतात : सोमवारी रात्री तुमच्याकडे राहायला आले तर चालेल का. मंगळवारी अकराला कॉलेजात तास आहे, तो बुडवायचा नाही.