जांभळाचा रंग आणि घरातल्या मोठ्यांची आठवण



जांभूळ खाल्लं की जीभ जांभळी होते. ही करामत अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची. काळी द्राक्षं, पिकलेली करवंदं, स्ट्रॉबेरी यांचा रंगही त्याचाच. द्राक्षात पाणी उतरायला लागलं की मण्याच्या सालीत हाच रंग भरतो. रात्री गरम राहिल्या तर तो नीट चढत नाही, हे बागायतदारांना ठाऊक आहेच.

या रंगाचा मेंदूशी काय संबंध? अमेरिकेत ७० वर्षांपुढच्या १६ हजारांहून जास्त परिचारिकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या काही वर्षं घेतल्या. निष्कर्ष २०१२ मध्ये आला. आठवड्यातून दोनदा स्ट्रॉबेरी किंवा एकदा ब्लूबेरी खाणाऱ्यांची आठवण आणि आकलन हळू उतरत होतं. फरक अडीच वर्षांपर्यंतचा. मात्र यातून फक्त संबंध दिसतो. फळ हे विसरण्याच्या आजारावरचं औषध नाही.

मग आपण काय करायचं?

१) घरासाठी आधी काढून ठेवा. चांगला माल क्रेटमध्ये जातो आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला काहीच येत नाही, असं होऊ देऊ नका. बारीक मण्यांना बाजारात भाव कमी, पण वजनाच्या मानाने त्यांत साल जास्त, म्हणून रंगही जास्त.

२) साल फेकू नका. द्राक्षाचा आणि जांभळाचा बराचसा रंग सालीतच असतो. फळं नीट धुऊन सालीसकट खा.

३) जांभळाचा गर काढताना लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको, स्टीलचं वापरा. जास्त वेळ उकळू नका. उष्णता, ऊन आणि हवा यांनी हा रंग उडतो. थोडा लिंबूरस घातला तर लाली टिकते.

४) गर, सरबत विकणाऱ्या गटांनी लेबलवर "स्मरणशक्ती वाढवते", "मधुमेह बरा करते" असं छापू नये. आजार बरा होतो असा दावा खाद्यपदार्थावर करायला कायद्याने मनाई आहे. एका लेबलपायी सगळ्यांचा माल अडकू शकतो.

५) मधुमेहाची गोळी चालू असेल तर जांभूळ खाता म्हणून ती बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

घरात कोणी पैसे दिले की नाही ते विसरतं, रोजच्या वाटेवर चुकतं, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्यांना दवाखान्यात दाखवा. फळ त्यानंतर.

आज क्रेट भरताना एक वाटी बाजूला ठेवाल ना?