मांडीवरची प्लेट

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या वाटेवर आहे. संत सोनाजी महाराजांमुळे पंचक्रोशीत त्याचं नाव आहे. मोठ्या ऑपरेशनसाठी मात्र इथल्या माणसाला शेगाव, खामगाव नाहीतर अकोला गाठावं लागतं. ग्रामीण भागातल्या शस्त्रक्रियांवर लिही, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून मी गेले होते. पिशवीचं ऑपरेशन करून आलेल्या एक काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले चाकूनं नाई, करंटनं कापलं म्हन्तात." बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होतं. मग बाकीचं बाजूला ठेवून मी त्या करंटच्याच मागे लागले.

खामगावच्या एका रुग्णालयातल्या सर्जननी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, उभं राहू दिलं. यंत्राला तिथं सगळे ‘कॉटरी’ म्हणतात. एक चौकोनी डबा, वर दोन आकडे, खाली पायाशी पॅडल. डब्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला पेनाएवढी ‘पेन्सिल’ आणि तिच्यावर दोन बटणं, एक पिवळं, एक निळं. पिवळं दाबलं की कापतं, निळं दाबलं की रक्त थांबतं. दोन्हींचा आवाज वेगळा. सर्जनची नजर पोटातून हलत नाही, पण कोणतं बटण दाबलं गेलं हे ओटीतल्या प्रत्येकाला कानांनी कळतं. त्वचेवरचा पहिला छेद पात्यानंच घेतला. त्याखालच्या चरबीतून पेन्सिल फिरली, बारीक धूर निघाला, करपल्याचा वास आला, आणि जिथं रक्त यायला हवं होतं तिथं कोरडी, फिकट कड दिसली. अधूनमधून टोकावर काळी खपली धरते. सिस्टर ती खरबरीत तुकड्यावर घासून काढतात, कारण काळ्या टोकाला ऊतक चिकटतं आणि ओढल्यावर पुन्हा रक्त सुटतं. आपल्याकडच्या बायका मुळातच रक्त कमी घेऊन टेबलवर येतात. त्यांच्या बाबतीत वाचलेल्या प्रत्येक थेंबाला मोल आहे.

करंट अंगातून जातो, तर माणूस मरत कसा नाही? घरातल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात. तिचा झटका स्नायू आणि हृदय पकडतो. आवर्तनं सेकंदाला दहा हजारांच्या वर गेली की स्नायू आखडत नाहीत, हे फ्रान्सचे शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी 1891च्या सुमारास दाखवलं. कॉटरीत ती तीन ते पाच लाखांच्या घरात असतात. नसांना कळायच्या आत दिशा बदलते. उरते फक्त उष्णता. करंट सलग सोडला तर पेशीतलं पाणी क्षणात उकळून पेशी फुटते आणि छेद पडतो. जास्त दाबानं पण तुटक तुटक सोडला तर पेशी सुकते, प्रथिनं गोठतात, रक्तवाहिनीचं तोंड बंद होतं.

शल्यक्रियेत हे यंत्र रुजलं ते 1926 साली. बोस्टनमध्ये मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांना एका रुग्णाच्या कवटीवरची गाठ काढताना रक्तस्राव आवरेना, म्हणून ऑपरेशन अर्ध्यावर सोडावं लागलं. काही दिवसांनी, 1 ऑक्टोबरला, त्यांनी विल्यम बोव्ही यांनी बनवलेलं यंत्र आणवलं आणि तीच गाठ काढली. बोव्हींनी त्या यंत्राचं पेटंट एका डॉलरला विकलं. आपल्या सुश्रुतानंही रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितलेत, आणि बाकीचे तीन हरले तरच चौथा, म्हणजे दहन, करावा असं बजावलंय. ही सावधगिरी मला मोलाची वाटते, कारण आता तो शेवटचा उपाय जवळजवळ प्रत्येक ऑपरेशनमध्ये सुरुवातीपासून हातात असतो.

मला खिळवून ठेवलं ते मात्र पेन्सिलनं नव्हे. रुग्णाच्या मांडीला एक पातळ, चिकट प्लेट लावतात. पेन्सिलमधून अंगात शिरलेला करंट त्या प्लेटमधून यंत्राकडे परततो. जितका करंट टोकातून आत जातो तितकाच प्लेटमधून बाहेर येतो. तरी टोकाशी मांस जळतं आणि मांडीला काही कळत नाही. पाटाचं पाणी अरुंद तोंडातून सुटलं की माती उकरतं, वावरभर पसरलं की ढेकूळही हलत नाही, तसंच हे. सगळा खेळ पसरण्याचा आहे. प्लेट अर्धी उचकटली, खाली केस राहिले, ओल राहिली, तर तोच करंट उरलेल्या चतकोर जागेतून जातो आणि तिथं मांस भाजतं. भुलीतला माणूस हूं की चूं करू शकत नाही. चादर काढल्यावर डाग दिसतो, तोही कधी कधी एका अंगावर पडून राहिल्याची जखम समजला जातो.

म्हणून मी सर्जनचे हात सोडून ओटीतल्या ब्रदरचे हात बघत बसले. त्यांनी मांडी हातानं चाचपून मांसल भाग शोधला. शेतात राबलेल्या, वाळलेल्या अंगावर तो सहज सापडत नाही. हाडावर, जुन्या व्रणावर, आत रॉड असेल तिथं प्लेट लावत नाहीत. जागेवरचे केस काढले, गॉजनं कोरडं केलं. मग प्लेट एका कडेनं टेकवत, तळहातानं दाबत दुसऱ्या कडेपर्यंत नेली, मध्ये हवा राहू नये म्हणून. जोडवी आधीच काढलेली होती, तरी बोटं पुन्हा पाहिली. पोटाला लावलेलं स्पिरिट वाळेपर्यंत त्यांनी कुणाला पेन्सिल हातात घेऊ दिली नाही. कापडाखाली साचलेलं स्पिरिट एका ठिणगीनं पेटतं. या सगळ्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं लागली असतील. रुग्ण न भाजता घरी गेला तर त्याचं श्रेय या मिनिटांना आहे, आणि डिस्चार्ज कार्डावर त्यांची नोंद कुठंच नसते.

जुन्या यंत्रांत करंट जमिनीकडे जाणारी कोणतीही वाट धरायचा; टेबलाच्या लोखंडाला टेकलेलं कोपरसुद्धा भाजायचं. पुढे करंटची वाट जमिनीपासून तोडलेली यंत्रं आली. 1981च्या सुमारास दुभंगलेली प्लेट आली. तिच्या दोन भागांतला रोध यंत्र सतत मोजतं आणि पकड सैल झाली की ओरडून बंद पडतं. पण ही प्लेट एकदाच वापरायची असते. काटकसर म्हणून तीच धुऊन, चिकटपट्टीनं बांधून पुन्हा लावली की यंत्राची राखण संपते. जिथं अजून स्टीलची साधी प्लेट आहे, तिथं यंत्राला तिची पकड कळतच नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये धोका आणखी खोल जातो. भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणारे मुंबईचे डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 साली जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज ते ऑपरेशन तालुक्याच्या गावीही होतं. पण त्यातल्या हत्याराच्या लांब दांडीवरचं इन्सुलेशन केसाएवढं तडकलं तर ठिणगी पडद्यावर दिसत नाही अशा जागी, आतड्यावर पडू शकते. त्या क्षणी काही दिसत नाही. भाजलेली जागा हळूहळू मरते आणि कधी काही दिवसांनी आतडं फुटतं. तोवर रुग्ण टाके घेऊन सोनाळ्याला पोचलेला असतो. पोट दुखतंय तर गॅस असेल, म्हणून घरचे ओवा देतात. रात्रीच्या वेळी गाडी मिळवून खामगाव-अकोल्याला पोचेपर्यंत पोटात विष पसरतं. शहरातल्या रुग्णाला असतो तो वेळ इथं रस्ताच खातो.

आणि यंत्र तपासायचं कुणी? राष्ट्रीय आरोग्य अभियानानं सरकारी दवाखान्यांतली उपकरणं मोजली तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत 13 ते 34 टक्के उपकरणं बंद आढळली. 2015 साली त्यांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. पण बंद पडलेली कॉटरी निदान दिसते तरी. चालू असलेली, मात्र वायर तडकलेली, डब्याला अर्थिंग नसलेली कॉटरी मला जास्त घाबरवते. नवं यंत्र घेतलं की फोटो छापून येतो. प्लेटच्या खर्चाला आणि ब्रदर-सिस्टरांच्या प्रशिक्षणाला पैसे मागितले की हात आखडतो. हे उलटं व्हायला हवं.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करा. ऑपरेशनला जाताना पेसमेकर, अंगातला रॉड किंवा स्क्रू न विचारता सांगा. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवा. प्लेट नवी आहे ना, हे विचारायला लाजू नका. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांत पोटदुखी वाढत गेली, ताप आला, पोट फुगलं, तर ओव्यावर रात्र काढू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे तडक जा.