'सरकार'चा चौथा भाग हवाय कशाला?

मेसमध्ये 'सरकार'चा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "चौथा भाग काढायला पाहिजे राव!" मित्रहो, माझं मत 'नको' असं आहे. का ते सांगतो.

राम गोपाल वर्मांचा पहिला 'सरकार' २००५ चा. 'गॉडफादर'चं (१९७२) ऋण त्यांनी उघड मान्य केलं होतं, पण नागरे घराणं पक्कं मुंबईचं वाटलं. त्यात शंकर सख्ख्या भावाला, विष्णूला संपवतो. 'गॉडफादर'ला तिथं पोचायला दुसरा भाग (१९७४) लागला, वर्मांनी पहिल्यातच उरकलं! 'सरकार राज'मध्ये (२००८) शंकरच गेला. तरी पिक्चरमध्ये दम होता, कारण केसानं गळा कापणारे निघाले विश्वासातले रावसाहेब. आणि ते कोण? आपल्या 'चौकट राजा'तल्या भोळ्या नंदूचे दिलीप प्रभावळकर!

इथंच गोची झाली. ही गोष्ट उभी आहे दोन खांबांवर: बाप, आणि त्याची जागा घेणारा मुलगा. एक खांब काढल्यावर स्लॅबचं काय होतं ते सिव्हिलवाल्यांना विचारा. 'सरकार ३' (२०१७) मध्ये विष्णूचा मुलगा चिकू आणला, पण त्याच्याशी आपलं नातंच जुळलं नव्हतं. 'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागातही (१९९०) पैशावरून बिनसल्यामुळं रॉबर्ट ड्युव्हॉलचा टॉम हेगन नव्हता. ती पोकळी जाणवतेच. कोपोलांनी २०२० मध्ये तो भाग पुन्हा कापून जोडला, पण जे शूटच झालं नाही ते एडिटिंगला कुठून मिळणार?

अगदीच काढायचा असेल, तर 'राज'च्या शेवटी सूत्रं हाती घेणाऱ्या अनिताचा काढा. तिसऱ्या भागात तिला गायबच केलंय.