चुंबक आहे, मग डॉवेल कशाला?

भिंतीवरचं पॅनल किंवा पलंगाच्या उशाची फळी काढघाल करायची असेल, तर मागे चुंबक बसवा, डॉवेलची, म्हणजे लाकडी खुंटीची, भानगड नको, असा सल्ला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारापासून अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या फ्लॅटांपर्यंत सर्रास दिला जातो. सोबत हिशेबही तयार असतो: चुंबक 10 किलोचा, पॅनल 6 किलोचं, झालं काम! हा हिशेब दरवेळी एकाच जागी चुकतो. ते 10 किलो मोजतात जाड, सपाट पोलादी पाटीला चिकटवलेला चुंबक काटकोनात सरळ ओढून. चुंबक बनवणाऱ्यांच्या तांत्रिक तक्त्यांत तसं लिहिलेलंही असतं, वाचतो कोण? पॅनल मात्र सरळ बाहेर येत नाही, खाली घसरतं. त्याला अडवतं फक्त घर्षण, आणि निकेलच्या गुळगुळीत मुलाम्यावर ते ओढीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढंच. म्हणजे उरले 2 किलो. मध्ये मिलिमीटरभर सनमायका आला की त्यातूनही बरीच घट. खात्री करायची तर फ्रिजवरचा चुंबक आधी सरळ उपटून पाहा, मग नुसता सरकवून पाहा.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो, की समोरासमोर लावलेले दोन चुंबक आपोआप एकमेकांच्या मध्यावर येतात. येतात, पण पुरते नाही. अगदी मध्यावर बाजूने खेचणारा जोर शून्य असतो आणि जवळपास अगदी थोडा. तिथे घर्षण जिंकतं आणि पॅनल किंचित तिरकं अडकतं. सांध्यात तेवढंही डोळ्याला खुपतं. डॉवेल नेमक्या मापाच्या भोकात बसला की ही गोष्टच संपते. सुका डॉवेल मात्र पॅनल बाहेर येण्यापासून रोखत नाही, ते काम चुंबकाचं. म्हणून एका बाजूला डॉवेल फेविकॉलने पक्का, दुसऱ्या बाजूला सुका, आणि शेजारी चुंबकाची जोडी. भोकं जुळत नाहीत ही सुतारांची तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय आहे: एका बाजूच्या भोकांत टोकदार धातूची डॉवेल सेंटर घालून पॅनल दाबलं, की समोर नेमक्या खुणा उमटतात.

जाड डॉवेल म्हणजे मजबूत सांधा, हेही खरं नाही. 18 मिलिमीटरच्या प्लायच्या कडेत 12 चा घातला तर दोन्हीकडे जेमतेम 3 उरतात आणि कड फुटते, 8 चा पुरे. चुंबकाची ताकद काही वर्षांत उतरते? घरातल्या तापमानाला नाही, साध्या निओडिमियमला धोका 80 अंश सेल्सियसच्या पुढे. त्याचा खरा शत्रू गंज. मुलामा खरवडला गेला, तर बदलापूरच्या पावसाळी दमटपणात तो आतून भुसभुशीत होतो, म्हणून भोकात इपॉक्सीनेच बसवावा. आणि इपॉक्सी लावण्याआधी जोडीतल्या दोन्ही चुंबकांच्या ओढणाऱ्या बाजूंवर पेनाने खूण करावी.