स्विचवरील अनोळखी जोडणी कशी शोधावी?

अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीमध्ये एप्रिल २०१८ मध्ये एक घुसखोरी उघडकीस आली. एका महत्त्वाच्या मोहीम-प्रणालीतून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती चोरीस गेली होती आणि जवळपास वर्षभर त्याचा कोणाला सुगावा लागला नव्हता. घुसखोरांना वाट मिळाली ती रास्पबेरी पाय या, तळहातावर मावणाऱ्या स्वस्त संगणकातून. तो प्रयोगशाळेच्या जाळ्याला परवानगीविना जोडलेला होता. नासाच्या महानिरीक्षकांच्या जून २०१९ मधील अहवालात याहूनही बोलकी एक नोंद आहे. एका प्रणाली-व्यवस्थापकाने सांगितले, की उपकरणे नोंदविण्याची संगणकीय सोय कधी कधी चालत नाही आणि मग नोंद करावयाची राहून जाते.

याचे फारसे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडील एखाद्या कार्यालयात स्विचची पेटी उघडली, तर चोवीस तारांपैकी दोन-चार कोठे जातात हे सांगणारा मनुष्य बहुधा बदली होऊन गेलेला असतो. अशा वेळी एखाद्या अनोळखी दिव्याची उघडझाप दिसली, की हात प्रथम तारेकडे जातो. नेमके तेच करू नये.

स्विच हे कार्यालयातील संगणक, मुद्रक, दूरध्वनी यांना परस्परांशी जोडणारे यंत्र होय. इथरनेटचा अनेक पोर्टांचा पहिला स्विच १९९० मध्ये 'कल्पना' या कंपनीने बाजारात आणला. तिच्या संस्थापकांपैकी एक, विनोद भारद्वाज, भारतीय वंशाचे. पुढे १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. आलेली माहिती सर्वांकडे न धाडता ज्याची त्यालाच पोहोचविणे हे स्विचचे वैशिष्ट्य. त्यासाठी कोणत्या पोर्टमागे कोणते उपकरण आहे याचा तक्ता तो स्वतःच तयार करतो. प्रत्येक उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून ही नोंद होते. उपकरण गप्प राहिले, तर सर्वसाधारणपणे ३०० सेकंदांनी ती पुसली जाते. तार उपटली, तर मात्र तत्काळ. म्हणजे घाईने तार काढणारा मनुष्य आपला एकमेव साक्षीदार स्वतःच गमावून बसतो. म्हणून आधी वेळ, पोर्टचा क्रमांक आणि तक्त्यातील पत्ता कागदावर उतरवून घ्यावा.

केवळ दिवा लुकलुकतो म्हणून शंका घेण्याचेही कारण नाही. बंद केलेल्या संगणकाचे नेटवर्क कार्डही दुरून जागे करण्याच्या सोयीसाठी किंचित वीज घेत राहते आणि पोर्टचा दिवा तेवता ठेवते. शिवाय स्विच आपसांत दर दोन सेकंदांनी संदेश पाठवीत असतात, संगणक एकमेकांचे पत्ते पुकारून विचारत असतात. रात्री रिकाम्या कार्यालयातही जाळे पूर्ण शांत नसते.

खरा शोध तक्त्यापासून सुरू होतो. मॅक पत्ता बारा चिन्हांचा असतो आणि त्यातील पहिली सहा चिन्हे निर्मात्याला आयईईई ही संस्था नेमून देते. उदाहरणार्थ, बी८-२७-ईबी या चिन्हांनी आरंभ होणारा पत्ता रास्पबेरी पायचा असतो. निर्मात्याचे नाव कळले, की निम्मी कोडी तेथेच सुटतात. अनोळखी पाहुणा हा भिंतीवरचा कॅमेरा, हजेरीचे यंत्र किंवा लेखा विभागाने परस्पर आणलेला मुद्रक निघतो. परंतु दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने अथवा एखाद्या प्रणालीने स्वतः ठरविलेला असतो. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून भ्रमणध्वनी वायफायवर असे यादृच्छिक पत्ते वापरू लागले. आभासी संगणकांचे पत्तेही पुष्कळदा याच जातीचे. येथे निर्मात्याच्या यादीचा उपयोग होत नाही. पत्ता मुद्दाम बदलून खोटा निर्माता दाखविणेही अवघड नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एकाच पोर्टमागे अनेक पत्ते दिसत असतील, तर तेथे दुसरा स्विच किंवा वायफायचे केंद्र आहे असे समजावे. दोनच पत्ते असतील, तर बहुधा टेबलावरचा दूरध्वनी आणि त्यातून पुढे जोडलेला संगणक. मात्र अधिकृत नकाशात तेथे काहीच नसेल, तर टेबलाखाली वाकून पाहावे. कर्मचाऱ्याने सोयीसाठी घरून आणलेला छोटा राउटर सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो निरुपद्रवी हेतूने आणलेला असला, तरी त्यातून कार्यालयाचे दार बाहेर उघडे पडते.

त्यानंतर राउटरमधील एआरपी तक्ता आणि डीएचसीपी सर्व्हरची यादी पाहावी. मॅक पत्त्याला कोणता आयपी पत्ता मिळाला, कधी मिळाला आणि उपकरणाने आपले नाव काय सांगितले, हे तेथे कळते. साध्या, व्यवस्थापनाची सोय नसलेल्या स्विचमध्ये स्वतःचा तक्ता पाहता येत नाही. तेथे याच दोन याद्यांवर भिस्त ठेवावी लागते. शेवटी पॅच पॅनेलवरील क्रमांकावरून तार भिंतीपर्यंत माग काढीत जाणे आलेच. पोर्ट बंद करून कोण ओरडते ते ऐकण्याची जुनी युक्तीही आहे. रुग्णालयात किंवा कारखान्यात ती वापरू नये.

उपकरणाचा धनी सापडला नाही आणि ते बाहेरच्या पत्त्यांशी बोलत असल्याचे फायरवॉलच्या नोंदींत दिसले, तर प्रश्न दुरुस्तीचा राहत नाही. ते उपकरण उघडू अथवा पुसू नये. नोंदींच्या प्रती घेऊन मगच पोर्ट बंद करावे. भारतात सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक करण्यात आले. स्विचच्या नोंदी दर आठवड्याला आपोआप पुसल्या जात असतील, तर ती मुदत प्रथम तपासावी.