काळ्या रेषांचे अरण्य

दीर्घिकांमधील अवकाश अगदी रिकामे असते, असे आपण समजत असाल, तर तो समज आता सोडावयास हवा. तेथे हायड्रोजन वायू आहे. मात्र इतका विरळ, की त्याच्यामागे दिवा लागल्याखेरीज तो दिसावयाचा नाही. हा दिवा म्हणजे क्वेसार.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या 'ताऱ्या'चा वर्णपट उलगडला आणि तो तारा नसून फार दूरची, अतितेजस्वी वस्तू आहे, हे उघड झाले. दोनच वर्षांनी गन आणि पीटरसन यांनी मोठा मार्मिक प्रश्न विचारला. हायड्रोजनचा अणू १२१६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा प्रकाश हटकून शोषतो. मग अशा वायूतून तो प्रकाश आपल्यापर्यंत पोचतोच कसा? उत्तर असे, की बहुतेक अणूंचे इलेक्ट्रॉन उडून गेलेले आहेत. लाखात एखादाच अणू अखंड उरला आहे.

आता गंमत पाहा. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे प्रकाशाची लहर वाटेत ताणली जाते. आखूड लहर ताणत ताणत जेथे १२१६ वर येईल, नेमक्या तेथल्याच वायूने ती गिळावयाची! म्हणून वर्णपटातील प्रत्येक काळी रेषा आपले अंतर आपणच सांगते. अशा शेकडो रेषांच्या दाटीला शास्त्रज्ञ 'लायमन-आल्फा अरण्य' म्हणतात.

पण एका क्वेसारावरून विश्वाची घडण कळत नाही. तेथे संख्याशास्त्रच हवे. प्रकाश सरासरीहून कोठे किती कमी वा अधिक आहे, ते मोजावयाचे. ठराविक अंतरावरच्या दोन ठिकाणांच्या फरकांचा गुणाकार करावयाचा. आणि अशा असंख्य गुणाकारांची सरासरी काढावयाची. वायू वाटेल तसा विखुरलेला असता, तर ती शून्य आली असती. ती तशी येत नाही. सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर तर एक उंचवटाच दिसतो. बाल्यावस्थेतील विश्वात धावलेल्या ध्वनिलहरींचा तो ठसा! ॲरिझोनातील किट पीक येथील ५००० प्रकाशतंतूंच्या 'डेसी' उपकरणाने ४,२०,००० हून अधिक क्वेसार तपासून तो मोजला. त्यावरून सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वी विश्व किती वेगाने प्रसरण पावत होते, याचे माप २०२४ साली जाहीर झाले.

लहान अंतरांवरील चढउतार मात्र हट्टी आहेत. न्यूट्रिनो हे कण वेगाने निसटतात, त्यामुळे द्रव्याच्या गुठळ्या काहीशा बोथट होतात. किती बोथट, यावरून त्या कणांचे वस्तुमान अजमावता येते. पण वायूच्या उष्णतेनेही रेषा पसरट होतात. हे दोन परिणाम वेगळे कसे करावयाचे? त्यासाठी निरनिराळ्या काळांतील अरण्ये ताडून पाहतात, कारण काळाबरोबर उष्णता एका रीतीने बदलते आणि न्यूट्रिनोंचा परिणाम दुसऱ्या.