वेरमणी : आपणहून घेतलेली मर्यादा

शाळकरी वयात मी परळहून गिरगावात, फणसवाडीतल्या एका चाळीत, वर्गमित्राकडे अभ्यासाला जात असे. कांदेनवमी झाली की त्याची आजी चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगे सोडी. याला ती ‘नेम’ म्हणे. मला तहान लागली की पाणी वरून ओंजळीत मिळे. याला ती ‘मर्यादा’ म्हणे. ‘ज्याने त्याने आपली मर्यादा सांभाळावी, बाळा,’ असे ती मायेनेच सांगे. नेम तिचा होता आणि तो तिनेच घेतला होता. मर्यादा माझी होती. पण तीही तिनेच ठरवली होती.

आपल्या भाषेतले मर्यादेचे बहुतेक शब्द असे वरून खाली येतात. पायरी ओळखून राहावे, अंथरूण पाहून पाय पसरावेत! अंथरूण एवढेच का, हे मात्र विचारायचे नाही. आमच्या परळ-लालबागच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळेल अशी स्पृश्य कामगारांची हरकत होती. जास्त पगाराचे खाते त्यामुळे बंद राहिले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ही मर्यादा कुणी आपणहून घेतली नव्हती. तिला नकार देणे हाच आपला धर्म होता.

मग प्रश्न असा की, सगळ्याच मर्यादा नाकारायच्या काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पंचशीलातल्या प्रत्येक शीलात ‘वेरमणी’ हा पाली शब्द येतो. वेरमणी म्हणजे विरमणे, परावृत्त होणे. आपला ‘विराम’ त्याच धातूचा. ‘सिक्खापदं’ म्हणजे शिकण्याचा नियम. आणि ‘समादियामि’ म्हणजे मी स्वीकारतो. येथे ‘तू करू नकोस’ असे सांगणारा कुणी नाही. आज्ञा करणारा देव नाही, प्रायश्चित्त सांगणारा भट नाही. क्रियापदाचा कर्ता ‘मी’ आहे. ज्यांना शतकानुशतके फक्त आज्ञाच ऐकाव्या लागल्या, त्यांच्या तोंडी हा ‘मी’ येणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्याचा अर्थ मला व्याकरणातून नव्हे, वडिलांकडून कळला. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दादर चौपाटीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हजारोंना दीक्षा दिली, त्यांत आईवडीलही होते. वडील गिरणीत होते आणि पगाराच्या दिवशी पीत. १९४९ चा दारूबंदी कायदा होता, हवालदार होता आणि तरी हातभट्टीही होती. एकदा संध्याकाळी वंदना झाल्यावर आई म्हणाली, ‘अहो, पाचवं शील तुम्ही कुणाच्या वतीनं घेता?’ वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते चार शीले म्हणत आणि पाचव्याला गप्प राहत. लहान खोलीत ती शांतता फार मोठी वाटे. असे कित्येक महिने गेले. एका संध्याकाळी त्यांनी पाचवे शीलही म्हटले. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. जे पाळत नाही ते ‘घेतो’ म्हणायचे नाही, हा त्यांच्या मौनाचा अर्थ होता. जे कायद्याला जमले नाही ते एका क्रियापदाने केले.

येथे एक सावधगिरी हवी. उपाशी माणसाला संयम शिकवणे ही वेरमणी नव्हे. ज्याच्या ताटात काही नाही त्याने काय सोडायचे? अभाव आणि त्याग यांची गल्लत प्रस्थापितांच्या सोयीची असते. तसेच ‘शील’ म्हटले की फक्त बाईचे शील, हा जुना अर्थही आपण घरात ठेवता कामा नये. पंचशील पुरुषालाही तितकेच लागू आहे.

आपल्या साहित्याने ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ हे शब्द मोठे केले. वेरमणी हाही नकारच आहे. फक्त तो स्वतःला दिलेला. वर्गणीच्या पावतीपुस्तकापुढे बसलेल्या कार्यकर्त्याने, वर्गातल्या शिक्षकाने, घरातल्या नवऱ्याने तो रोज द्यायचा आहे. मर्यादा समोर आली की दोन प्रश्न विचारावेत : ही कुणी ठरवली? आणि ती मी मोडली तर लाभ कुणाचा, हानी कुणाची? दुसऱ्याने आपल्या सोयीसाठी आखलेली असेल तर ती मोडावी. आपण समजून-उमजून घेतली असेल तर ती पाळावी. आणि पाळता येत नसेल, तर निदान त्या ओळीला गप्प राहण्याइतका प्रामाणिकपणा ठेवावा.